वर्दीवाल्यालाही ‘थांब’ म्हणणारी लेक

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवरून जाताना लाल टोपी, पांढरा पट्टा आणि दंडावर काळ्या पट्टीत लाल अक्षरांत ‘एमपी’ लिहिलेला जवान तुम्ही नक्की पाहिला असेल. धौलाकुआंवरून रोज गुरुग्राम किंवा नोएडा गाठणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हा लष्करातला ट्रॅफिक हवालदार. 26 जानेवारी 2024 ला कर्तव्य पथावर तिन्ही सैन्यदलांच्या महिलांची संयुक्त तुकडी पहिल्यांदाच संचलन करत गेली. कॅप्टन संध्या तिच्या पुढे होत्या आणि तुकडीतल्या लष्कराच्या मुली याच मिलिटरी पोलिसच्या होत्या. टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी घरांत त्या दिवशी एखादी मुलगी म्हणाली असेल, ‘आई, मलाही हे करायचंय.’

आईबाबांना अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. सैन्य म्हणजे सीमा, सीमा म्हणजे गोळीबार. मग कुणीतरी काका समजूत घालतात, ‘अहो, पोलिसच तर आहे, चौकात उभं राहायचं काम.’ पोटातला गोळा आणि काकांची समजूत, दोन्ही अपुऱ्या माहितीतून आलेले असतात. युद्धाच्या काळात मिलिटरी पोलिसचं काम चौकातही असतं आणि जिथे धड रस्ता नाही अशा डोंगरातल्या तळावरही असतं. मुलीला हो किंवा नाही म्हणण्याआधी हे काम नेमकं काय असतं ते घरातल्यांनी समजून घ्यायला हवं.

बंदूकधाऱ्याला अडवायचं काम

सैन्यात हजारो तरुण हातात शस्त्र घेऊन एकत्र राहतात. त्यांतला कुणी दारू पिऊन गाडी चालवू नये, कुणी सुट्टीचा कागद नसताना छावणीबाहेर जाऊ नये, सामानाची चोरी होऊ नये, कुणी स्थानिक बाईची छेड काढू नये, यासाठी सैन्याचं स्वतःचं पोलिस दल लागतं. भारतात ‘कोअर ऑफ मिलिटरी पोलिस’ हे काम करतं. त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये झाली.

या पोलिसाचा रोजचा सामना चोराशी कमी आणि आपल्याच वर्दीतल्या माणसांशी जास्त असतो. समोरचा वयाने मोठा असतो, हुद्द्याने वरचा असू शकतो, नुकताच लढून आलेला असू शकतो. तरी त्याची गाडी थांबवायची, कागद मागायचे, चुकला असेल तर नोंद करायची. नम्रपणे बोलायचं, पण मागे हटायचं नाही. या कामाला ताकदीपेक्षा स्वभाव जास्त लागतो.

युद्ध सुरू झालं की हेच काम कित्येक पटीने वाढतं. पुढे जाणारे ट्रक, मागे येणाऱ्या रुग्णवाहिका, तोफा, दारूगोळा, रेशन, सगळं एकाच अरुंद रस्त्यावर येतं. 1999 च्या कारगिल युद्धात श्रीनगर-लेह रस्ता हीच सैन्याची मुख्य वाट होती. या वाटेवर सुमारे साडेअकरा हजार फुटांवरची झोजी खिंड लागते. द्रासजवळ तर हा रस्ता शिखरावर बसलेल्या शत्रूच्या तोफांना स्पष्ट दिसत होता. अशा ठिकाणी गाड्यांचा ताफा कधी सोडायचा, कुठे थांबवायचा, दिवे कधी विझवायचे, हे वेळेवर ठरलं नाही तर एका बंद पडलेल्या ट्रकमागे पन्नास गाड्या अडकतात आणि शत्रूला आयतं लक्ष्य मिळतं. रात्रीच्या थंडीत वळणावर उभा राहून टॉर्चने इशारा करणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या सिनेमात येत नाही, पण वर लढणाऱ्याला गोळी आणि भाकरी त्याच्यामुळे मिळते.

कमांडोंच्या तळावर पोलिस कशाला?

आपल्याकडे कमांडो म्हटलं की पॅरा स्पेशल फोर्सेसची मरून टोपी डोळ्यांसमोर येते. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच दलातले. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत हा शब्द पोचला.

जगभरात कमांडोंच्या तुकड्या छोट्या असतात. त्यांचा तळ मोठ्या छावणीसारखा नसतो. कुठे मातीची भिंत, कुठे वाळूची पोती, चार तंबू आणि एक फाटक. रसद हेलिकॉप्टरने किंवा आठवड्याने येणाऱ्या ट्रकने पोचते. आजूबाजूला गाव असतं आणि त्या गावात मित्र कोण, शत्रू कोण, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

अशा तळावर पोलिसी काम टळत नाही, उलट नाजूक होतं. फाटकातून आत येणाऱ्या दूधवाल्याची, मजुराची झडती कुणी घ्यायची? रात्रीच्या कारवाईत पकडून आणलेल्या माणसाला सकाळपर्यंत कुणी सांभाळायचं? त्याच्याजवळ सापडलेला फोन, कागद, पैसे यांची यादी कुणी करायची? बाहेर मुलाला शोधत आलेल्या आईशी कुणी बोलायचं? डोळ्यांसमोर सोबती गमावून आलेल्या कमांडोला त्या कैद्यापासून चार हात लांब कुणी ठेवायचं? या सगळ्याचं खास शिक्षण मिलिटरी पोलिसला दिलेलं असतं.

अफगाणिस्तानात अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसना हे ठेचा खाऊन समजलं. त्यांची मूळ तुकडी जेमतेम 12 जणांची, सगळे पुरुष. ते दुर्गम खेड्यांजवळ राहायचे, गावच्या वडीलधाऱ्यांबरोबर चहा प्यायचे, पण गावातल्या बायकांशी बोलणं त्यांना शक्य नव्हतं. झडतीसाठी परका पुरुष घरात शिरला की अख्खं गाव विरोधात जायचं. म्हणजे निम्मं गाव त्यांच्यासाठी बंदच होतं. शेवटी 2011 च्या सुमारास स्त्री सैनिकांची ‘कल्चरल सपोर्ट टीम’ नावाची पथकं कमांडोंबरोबर पाठवायला सुरुवात झाली. तेव्हा अमेरिकी सैन्यात थेट लढाईच्या तुकड्या स्त्रियांना अधिकृतपणे बंद होत्या. तरीही या मुली रात्रीच्या छाप्यांत कमांडोंच्या खांद्याला खांदा लावून जात. घरातल्या बायकामुलांना एका बाजूला नेऊन बसवणं, धीर देणं, झडती घेणं, माहिती काढणं हे त्यांचं काम होतं.

त्याची किंमतही चुकवावी लागली. 22 ऑक्टोबर 2011 ला कंदहारमध्ये अशाच एका कारवाईत स्फोट झाला आणि 24 वर्षांच्या लेफ्टनंट अ‍ॅश्ली व्हाइट दोन रेंजर सैनिकांसोबत मारल्या गेल्या.

ली अ‍ॅन हेस्टर यांनीही पुढे अफगाणिस्तानात अशा पथकात काम केलं. त्या मूळच्या मिलिटरी पोलिसच्या. 20 मार्च 2005 ला इराकमध्ये बगदादच्या दक्षिणेकडे सलमान पाकजवळ रसदीच्या ताफ्याचं रक्षण करताना त्यांच्या दहा जणांच्या पथकावर सुमारे 50 बंडखोरांनी हल्ला केला. 23 वर्षांच्या हेस्टर आपल्या पथकप्रमुखाबरोबर शत्रूच्या खंदकात उतरून लढल्या. त्यांना ‘सिल्व्हर स्टार’ हे पदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि प्रत्यक्ष लढाईतल्या शौर्यासाठी ते मिळवणाऱ्याही पहिल्याच. म्हणजे कागदावर ‘रस्त्यावरचा पोलिस’ आणि प्रत्यक्षात आघाडीवरचा सैनिक. मुलीला ‘चौकात उभं राहायचं काम’ म्हणून सांगणाऱ्या काकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

कैदी हातात आला की खरी परीक्षा

कैद्यांविषयी जगाने काही नियम केले आहेत. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला माणुसकीने वागवायचं असतं, मारहाण आणि अपमानापासून वाचवायचं असतं, त्याचा तमाशा होऊ द्यायचा नसतो. त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगणं बंधनकारक आहे. त्याला लवकरात लवकर लढाईपासून दूर सुरक्षित जागी हलवायचं असतं. चौथ्या करारात नजरकैदेतल्या नागरिकांविषयी स्पष्ट म्हटलंय की स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची.

हे कागदी नियम नाहीत. फेब्रुवारी 2019 मध्ये विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले आणि त्यांचे जखमी अवस्थेतले व्हिडिओ फिरू लागले, तेव्हा आपण सगळे किती अस्वस्थ झालो होतो! भारताने त्या प्रदर्शनाला याच कराराचा आधार घेऊन आक्षेप घेतला. उलट बाजूही आपली आहे. 1971 च्या युद्धानंतर सुमारे 93 हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते. ऑगस्ट 1973 मध्ये दिल्लीत झालेल्या करारानंतर त्यांना परत पाठवायला सुरुवात झाली. एवढ्या माणसांना दोन वर्षांच्या आसपास राखायचं, खाऊ घालायचं, त्यांची पत्रं पोचवायची आणि जिवंत परत करायचं, यासाठी केवढी शिस्त लागत असेल याचा विचार करा.

ही शिस्त सुटली की काय होतं, तेही जगाने पाहिलंय. इराकच्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकेच्या मिलिटरी पोलिसच्याच कंपनीतल्या सैनिकांनी कैद्यांचे हाल केले, त्यांची विटंबना करताना हसत फोटो काढले. एप्रिल 2004 मध्ये ते फोटो जगासमोर आले. त्या फोटोंत स्त्री सैनिकही होत्या आणि त्यांनाही शिक्षा झाली. त्यामुळे ‘बाई आली म्हणजे आपोआप माणुसकी आली’ हा भाबडा समज सोडून द्यायला हवा. वर्दी अंगावर चढली, समोरचा असहाय असला आणि आजूबाजूचे सगळे हसत असले की बाईही हसू शकते.

तो प्रकार उघडकीला आणणारा जो डार्बी हासुद्धा त्याच कंपनीतला मिलिटरी पोलिस होता. सोबत्यांचे फोटो हाती लागल्यावर जानेवारी 2004 मध्ये त्याने ते तपास अधिकाऱ्यांकडे दिले. पुढे त्याचं नाव जाहीर झालं, धमक्या आल्या आणि त्याला आपल्या गावी परत जाणं अशक्य झालं. सगळी कंपनी एका बाजूला आणि तो एका बाजूला. वरच्या कुणी हुकूम दिला म्हणून नव्हे, तर हे चूक आहे हे आतून माहीत होतं म्हणून तो उभा राहिला. मिलिटरी पोलिसच्या कामाचं मर्म इथे आहे. सैन्य आणि सशस्त्र जमाव यांच्यात जो फरक असतो, तो राखायला कुणीतरी आपल्याच माणसाला ‘थांब’ म्हणावं लागतं.

आपल्या मुलींसाठी दार उघडलं

18 जानेवारी 2019 ला तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी मिलिटरी पोलिसमध्ये मुलींना शिपाई पदावर घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधी स्त्रिया सैन्यात डॉक्टर, नर्स आणि अधिकारी म्हणून होत्या. जवान म्हणून भरतीची ही नवी वाट होती. टप्प्याटप्प्याने या दलात 20 टक्के स्त्रिया आणायच्या असं ठरलं.

कामाची यादी वाचली की निर्णयाचं कारण कळतं. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांचा तपास, युद्धाच्या वेळी सीमेवरची गावं रिकामी करणं, निर्वासितांच्या गर्दीतल्या बायकांना सांभाळणं, स्त्री कैद्यांची व्यवस्था, शोधमोहिमेत बायकांची झडती. अफगाणिस्तानच्या खेड्यात जी अडचण आली, तीच काश्मीरच्या घरातही येते. घाबरलेल्या बाईसमोर पुरुष जवान उभा राहणं आणि मुलगी उभी राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2020 मध्ये बेंगळुरूच्या मिलिटरी पोलिस केंद्रात सुरू झालं. कोरोनाच्या काळातही ते थांबलं नाही. 61 आठवड्यांनंतर, 8 मे 2021 ला 83 मुली तिथल्या द्रोणाचार्य परेड मैदानावरून सैन्यात दाखल झाल्या. शस्त्र चालवणं, पोलिसी तपास, कैद्यांची व्यवस्था, सगळ्या प्रकारच्या गाड्या चालवणं आणि त्यांची निगा, वायरलेस, हे सगळं त्या शिकल्या.

फॉर्म भरण्याआधी हिशेब मांडा

2022 पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते, मुलींचीही. त्यामुळे टाळ्या वाजवण्याआधी काही गोष्टी घरात बसून नीट बोलायला हव्यात.

पात्रता : अलीकडच्या जाहिरातींनुसार दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 33 टक्के गुण, उंची 162 सेंटिमीटर. 1.6 किलोमीटर धावणं 8 मिनिटांच्या आत, 10 फूट लांब उडी, 3 फूट उंच उडी. आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान, मग वैद्यकीय तपासणी. वयाची आणि इतर अटींची खात्री त्या वर्षीच्या अधिकृत जाहिरातीवरूनच करा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको. पैसे घेऊन सैन्यात भरती करून देणारा प्रत्येक माणूस फसवणारा असतो.

पैसा : पहिल्या वर्षी महिना 30 हजार रुपये, चौथ्या वर्षी 40 हजार. यातले 30 टक्के सेवा निधीसाठी कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार येतात. तेवढीच भर सरकार घालतं आणि चार वर्षांनंतर सुमारे 11 लाख 71 हजार रुपये करमुक्त मिळतात. सेवाकाळात 48 लाखांचं विमा संरक्षण असतं.

चार वर्षांनंतर : तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच पुढे कायम केलं जातं. उरलेल्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा 2022 मध्ये झाली होती. त्यामुळे मुलीने या चार वर्षांत पुढचं शिक्षण कसं चालू ठेवायचं, निधीच्या पैशाचं काय करायचं, हे आधीच ठरवा. तो पैसा तिचा आहे. भावाच्या दुकानासाठी किंवा तिच्याच लग्नाच्या मांडवासाठी नाही.

लग्न : अग्निवीर म्हणून भरतीसाठी अविवाहित असावं लागतं आणि चार वर्षांत लग्न करता येत नाही. अनेक घरांना हा अडथळा वाटेल. खरं तर अठराव्या वर्षापासून ‘स्थळ चालून आलंय’ म्हणून मागे लागणाऱ्या नातेवाइकांना द्यायला इतकं चांगलं उत्तर दुसरं मिळणार नाही.

पोस्टिंग : दिल्ली, पुणे मिळेल असं धरून चालू नका. वर्षाला 30 दिवस सुट्टी, तीही युनिटच्या सोयीने. दुर्गम जागी फोन रोज लागेलच असं नाही. फोन आला नाही म्हणून घाबरून जायचं नाही आणि ती कुठे आहे हे सोशल मीडियावर लिहायचं नाही, ही शिस्त घरच्यांनाही पाळावी लागते.

तयारी घरापासून

धावणं, उड्या, लेखी परीक्षा यांची तयारी कुठल्याही ग्राउंडवर होते. पण जी गोष्ट या नोकरीला सर्वांत जास्त लागते, तिची तयारी घरीच होते किंवा होत नाही.

आपण मुलींना लहानपणापासून काय शिकवतो? मोठ्यांसमोर आवाज चढवू नकोस. दादाचं ऐक. काकांनी काही म्हटलं तर हसून सोडून दे. पाहुण्यांपुढे वाद नको. अठरा वर्षं हे शिकवायचं आणि एकोणिसाव्या वर्षी तिने फाटकावर उभं राहून सुभेदाराची गाडी अडवावी अशी अपेक्षा करायची, हे कसं जमणार? आपल्याच घरातल्या पुरुषाची चूक दाखवायची मुभा ज्या मुलीला नव्हती, तिला वर्दीतल्या पुरुषाला थांबवणं दुप्पट जड जातं.

आणि दुसरी बाजू. घरात कामवाल्या ताईंशी, रिक्षावाल्याशी, आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी आपण कसं बोलतो, हे मुलगी पाहत असते. उद्या तिच्यासमोर हात बांधलेला कैदी असेल. तेव्हा तिला पुस्तकातलं कलम आठवेल की नाही सांगता येत नाही, घरातली सवय मात्र आठवेल.

संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांची वाट अनेकांना माहीत आहे. दोन मुलांची आई, वयाची मर्यादा उलटलेली. तरी त्यांनी वयाची सूट मागितली, परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलामुलींबरोबर अकरा महिने घाम गाळला आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाल्या. अशा वेळी घरातल्यांनी साथ दिली नाही तर मुलं कुणी सांभाळायची? वर्दी एकीच्या अंगावर असते, पण ती घालता यावी म्हणून दोन-चार माणसं मागे उभी लागतात.

प्रत्येक मुलीने सैन्यात जावं असं मुळीच नाही. शिक्षिका होणं, दुकान चालवणं, बँकेत बसणं यात कमीपणा काहीच नाही. ज्या मुलीला फक्त फोटोतली वर्दी आवडली आहे, तिला वरचा हिशेब वाचून दाखवा, ती स्वतःच विचार बदलेल. पण वाचूनही जी म्हणेल, ‘तरी मला जायचंय’, तिला अडवू नका. तिला धावायला बूट घेऊन द्या, दूध-अंडी वेळेवर द्या आणि पुढच्या वेळी जेवणाच्या टेबलावर ती तुमची चूक दाखवेल तेव्हा तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या.